दुखऱ्या जागी लावायचे बाम, तेल आणि लेप : निवड, मात्रा आणि खबरदारी

काही वर्षांपूर्वी साठीचे एक गृहस्थ आमच्या औषधाच्या दुकानात आले आणि त्यांनी पायजमा वर सरकवून गुडघा दाखवला. गुडघ्याभोवती चार बोटे रुंदीचा लालभडक पट्टा होता, त्यावर पाण्याने भरलेले फोड होते आणि पट्ट्याच्या कडा इतक्या सरळ होत्या की क्रेप बँडेज कुठून कुठपर्यंत गुंडाळले होते ते त्वचेवरच उमटले होते. रात्री त्यांनी गुडघ्याला भरपूर बाम चोळला, त्यावर घट्ट बँडेज बांधले आणि वर गरम पाण्याची पिशवी ठेवून ते झोपी गेले. गुडघा दुखायचा राहिला नाहीच, वर भाजल्याच्या जखमेसाठी तीन आठवडे ड्रेसिंग करावे लागले. बाममुळे कसला अपाय होणार, ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे की तो किती लावावा, कुठे लावावा आणि कोणी लावू नये हे विचारण्याचे कोणाच्या मनातच येत नाही. दुकानाच्या काउंटरवर दोन मिनिटांत हे सगळे सांगणे होत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे.

लाली कुठे येते आणि आराम कशामुळे वाटतो

मिरच्या चिरल्यावर बोटांची आग होते, पण बोटांचे तापमान मोजले तर ते वाढलेले नसते. आपल्या त्वचेतील मज्जातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारे प्रथिन असते आणि साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या पुढे ते मेंदूला ‘भाजते आहे’ असा संदेश पाठवते. मिरचीतील कॅप्साइसिन हे रसायन नेमके त्याच प्रथिनाला जाऊन चिकटते, त्यामुळे प्रत्यक्ष उष्णता नसतानाही तोच संदेश जातो. हे प्रथिन अमेरिकेतील डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली शोधून काढले आणि २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना व आर्डेम पॅटापुटियन यांना विभागून मिळाले. मेन्थॉल, म्हणजे पुदिन्याचे फूल, याच्या उलट थंडी ओळखणाऱ्या प्रथिनाला चेतवते. मोहरीतील तिखट द्रव्य तिसऱ्याच प्रथिनावर काम करते.

चेतवलेल्या मज्जातंतूंच्या टोकांतून काही द्रव्ये बाहेर पडतात, त्यांच्यामुळे त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ती जागा लाल व कोमट होते. ही लाली मुख्यतः त्वचेची असते. आत खोलवर असलेल्या गुडघ्याच्या झिजलेल्या कूर्चेवर किंवा मणक्याच्या सरकलेल्या चकतीवर तिचा काही परिणाम होत नाही, आणि ‘जितके लाल होईल तितका गुण येईल’ या समजुतीला काहीही आधार नाही.

मग आराम वाटतो तो खोटा का? नाही, तो खरा असतो. कोपर आपटले की आपण आधी ते चोळतो, कारण चोळण्याची संवेदना आणि दुखण्याची संवेदना मेंदूकडे जाताना पाठीच्या कण्यातील एकाच ठिकाणाहून जातात आणि पहिली दुसरीला अडवू शकते. रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली ही कल्पना मांडली; पुढे तिच्यात बऱ्याच सुधारणा झाल्या, परंतु मूळ विचार आजही उपयोगी आहे. बामची चरचर आणि हाताने केलेले मर्दन मिळून तेच काम करतात. म्हणून लाली आणणारे औषध हे दुखण्याचा जोर काही तास कमी करणारे साधन आहे असे मानूनच ते वापरावे. मूळ आजारावरचा उपचार म्हणून नव्हे.

आधी दुखणे ओळखावे

बाटलीचे झाकण उघडण्यापूर्वी दुखणे कोणत्या प्रकारचे आहे हे ठरवणे ही पहिली पायरी आहे. दिवसभर वाकून काम केल्यामुळे धरलेली कंबर, उशी बदलल्यामुळे आखडलेली मान, बऱ्याच दिवसांनी चढ चढल्यावर भरून आलेल्या पोटऱ्या आणि थंडीत कुरकुरणारा जुना गुडघा, ही अशा औषधांची खरी जागा आहे. ताणामुळे येणाऱ्या डोकेदुखीत कपाळावर पुदिन्याचे तेल लावल्याने उतार पडतो, याला चाचण्यांचा आधार आहे.

नुकताच मुरगळलेला आणि सुजत चाललेला घोटा मात्र पहिले दोन-तीन दिवस चोळू नये आणि त्यावर उष्णता आणणारे काही लावूही नये. तेथे कापडात गुंडाळलेला बर्फ, विश्रांती आणि पाय उंचावर ठेवणे हेच योग्य. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर, तर शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि अशा वेळी मर्दन करणे जिवावर बेतू शकते. छातीत, जबड्यात किंवा डाव्या हातात दाब आल्यासारखे दुखत असताना ‘वात असेल’ म्हणून बाम लावत बसण्यात जो वेळ जातो, तो हृदयविकाराच्या झटक्यात परत मिळत नाही. तापाबरोबर एखादा सांधा गरम होऊन सुजणे, आणि कंबरदुखीबरोबर पायातील शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, या दोन्ही वेळी थेट रुग्णालय गाठावे.

लेबलवर काय लिहिले आहे ते वाचावे

आपल्याकडे दुकानात मागणी केली जाते ती ‘दुखण्याची ट्यूब द्या’ अशी, आणि त्या एका शब्दाखाली तीन अगदी वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

पहिला प्रकार निव्वळ चरचर किंवा थंडावा निर्माण करणाऱ्या बामचा. यात मिथाइल सॅलिसिलेट, मेन्थॉल, कापूर, निलगिरी तेल, टर्पेंटाइन, लवंग तेल आणि ओव्याचे सत्त्व यांपैकी काही असतात. काशीनाथुनी नागेश्वर राव यांनी १८९३ साली मुंबईत सुरू केलेले अमृतांजन हे आपल्याकडील अशा बामचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणता येईल. दुसरा प्रकार डायक्लोफेनॅकसारख्या सूज कमी करणाऱ्या औषधाच्या जेलचा. हे औषध त्वचेतून खाली उतरते आणि गुडघ्यासारख्या वरवरच्या सांध्यावर प्रत्यक्ष काम करते. आपल्या बाजारातील अनेक जेलमध्ये डायक्लोफेनॅकसोबत मिथाइल सॅलिसिलेट आणि मेन्थॉलही घातलेले असते, त्यामुळे चरचर कशाची आणि गुण कशाचा हे लावणाऱ्याला कळत नाही. तिसरा प्रकार कॅप्साइसिनचा, त्याविषयी पुढे स्वतंत्र लिहिले आहे.

माझे मत स्पष्ट सांगतो : गुडघ्याच्या किंवा बोटांच्या झिजेच्या जुन्या दुखण्यासाठी पैसे खर्च करायचेच असतील तर ते दुसऱ्या प्रकारावर करावेत. सॅलिसिलेट असलेल्या बामच्या बाजूचा चाचण्यांमधील पुरावा कमजोर आहे आणि ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांध्यांच्या झिजेसाठी लाली आणणारी औषधे देऊ नयेत असेच म्हटले होते. दोन दिवसांच्या आखडलेल्या मानेसाठी साधा बाम पुरेसा आहे.

‘आयुर्वेदिक’ असे लिहिलेल्या बाटलीबाबत एक गोष्ट अवश्य लक्षात ठेवावी. तिच्यावर मिथाइल सॅलिसिलेट हे नाव नसेल, पण ‘गंधपुरा तेल’ असेल, आणि गंधपुरा तेल म्हणजे जवळजवळ संपूर्णपणे मिथाइल सॅलिसिलेटच असते. हे द्रव्य ॲस्पिरिनच्या कुळातले आहे. चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, शुद्ध गंधपुरा तेलात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसहून अधिक गोळ्या एकदम गिळल्यासारखे ते होते, आणि लहान मुलाचा जीव जाण्यास तेवढे पुरते. ‘कर्पूर’ म्हणजे कापूर, ‘पुदिना फूल’ म्हणजे मेन्थॉल, ‘तारपीन’ म्हणजे टर्पेंटाइन आणि ‘अजवायन फूल’ म्हणजे ओव्याचे सत्त्व थायमॉल, एवढी चार नावे ओळखता आली तरी बहुतेक लेबले वाचता येतात.

तीव्रतेचे आकडेही पाहावेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१२ साली अशा औषधांमुळे त्वचा रासायनिकरीत्या भाजल्याच्या घटनांविषयी इशारा दिला होता. भाजण्याच्या गंभीर घटनांपैकी बहुतेक घटना ३ टक्क्यांहून अधिक मेन्थॉल, किंवा त्यासोबत १० टक्क्यांहून अधिक मिथाइल सॅलिसिलेट असलेल्या औषधांच्या होत्या, आणि कित्येकांना पहिल्याच वापरानंतर २४ तासांच्या आत फोड आले होते.

कोणी लावू नये

ज्यांना ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे किंवा ॲस्पिरिनमुळे दमा उसळतो, त्यांनी सॅलिसिलेट असलेले काहीही लावू नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांमध्ये मिथाइल सॅलिसिलेट नियमित व मोठ्या भागावर चोळल्यामुळे रक्त गरजेपेक्षा अधिक पातळ होऊन रक्तस्राव झाल्याची उदाहरणे आहेत; त्यामुळे डॉक्टर ‘कोणती औषधे घेता’ असे विचारतात तेव्हा बामचे नावही सांगावे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, सॅलिसिलेट आणि डायक्लोफेनॅक या दोन्हींपासून दूर राहावे. स्तनपान देणाऱ्या मातेने बाळाचे तोंड किंवा गाल लागेल अशा जागी बाम लावू नये.

दोन वर्षांखालील बाळाच्या नाकाजवळ किंवा छातीवर कापूर-मेन्थॉल लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. सर्दी झाली की आजी मायेनेच लावते, पण इतक्या लहान बाळाचा श्वास या उग्र वासाने अडखळू शकतो आणि कापूर शरीरात गेल्यास झटके येऊ शकतात. बाळासाठी ही गोष्ट पूर्ण टाळावी.

मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झालेल्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या पायांची आग होते म्हणून ते काहीतरी लावायला मागतात, आणि नेमकी त्वचा भाजत असल्याचे त्यांनाच कळत नाही. डॉक्टरांनी पाय तपासल्याशिवाय अशा पायांना चरचरणारे औषध किंवा गरम शेक, दोन्ही देऊ नयेत.

प्रत्यक्ष लावण्याची रीत

नवीन औषध असेल तर आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली, हरभऱ्याएवढे लावून २४ तास वाट पाहावी. नेहमीची हलकी लाली अर्ध्या-एक तासात उतरते. खाज, गांधी किंवा फोड दिसल्यास ते औषध आपल्यासाठी नाही.

दुखरी जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करावी. गरम पाण्याने आंघोळ केल्यानंतर लगेच लावू नये, कारण त्या वेळी त्वचेतील रक्तवाहिन्या आधीच रुंदावलेल्या असतात आणि औषध अधिक प्रमाणात शोषले जाते. व्यायामानंतर घामेजलेल्या अंगालाही हेच लागू आहे. आंघोळीनंतर निदान अर्धा तास जाऊ द्यावा. जखम, ओरखडा, इसब किंवा नुकतेच वॅक्सिंग केलेली त्वचा असेल तर ती जागा सोडावी.

मात्रा मोजण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांची एक सोपी रीत आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ मावते, तेवढे मलम सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि दोन तळहातांएवढ्या भागाला ते पुरते. एका गुडघ्याला किंवा मानेला एवढे पुष्कळ झाले. बाम घट्ट असतो, त्यामुळे तो याहूनही कमी, वाटाण्याएवढा घ्यावा. एकाच वेळी पाठ, कंबर आणि दोन्ही पाय असे सर्वांग माखू नये. जितकी अधिक त्वचा, तितके अधिक द्रव्य रक्तात जाते.

दोन-तीन मिनिटे तळव्याने हळूहळू, सूज असेल तर हृदयाच्या दिशेने चोळावे. मला स्वतःला असे वाटते की अर्धा गुण या दोन-तीन मिनिटांचा असतो, आणि घाईघाईने फासून टाकणारे तो गमावतात. चोळून झाल्यावर वर सैल सुती कापड चालेल. प्लॅस्टिक, क्रेप बँडेज, घट्ट नी-कॅप, गरम पाण्याची पिशवी आणि इलेक्ट्रिक शेक मात्र नको. शेक घ्यायचाच असेल तर आधी घ्यावा, त्वचा निवू द्यावी आणि मग औषध लावावे.

हात साबणाने दोनदा धुवावेत, नखांच्या कडा विसरू नयेत. चष्म्याऐवजी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी लेन्स आधीच काढून ठेवावी. दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा अधिक लावू नये आणि सात दिवसांत उतार नसेल तर बाम बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांना दाखवावे.

मिरचीचे मलम : धीराचे औषध

कॅप्साइसिनचे मलम साधारणपणे ०.०२५ किंवा ०.०७५ टक्के तीव्रतेचे असते. ते बामसारखे ‘दुखले की लावले’ या पद्धतीने वापरले तर नुसती आग होते आणि उपयोग शून्य. रोज तीन-चार वेळा, नेमाने लावत राहिल्यावर त्या भागातील मज्जातंतूंची टोके थकल्यासारखी होतात आणि दुखण्याचा संदेश पाठवणे कमी करतात. त्याला एक-दोन आठवडे, मज्जातंतूंच्या दुखण्यात कधी चार आठवडेही लागतात. पहिल्या आठवड्यातली आग नियमित वापराने ओसरते. मध्ये खाडे केले तर ती पुन्हा पहिल्यासारखी होते.

नागीण बरी झाल्यावर महिनोन्‌महिने मागे राहणारी जळजळ हे या मलमाचे खरे क्षेत्र आहे. ८ टक्के तीव्रतेची कॅप्साइसिनची पट्टीही याच दुखण्यासाठी परदेशात वापरली जाते, पण ती रुग्णालयात, प्रशिक्षित माणसाच्या हातूनच लावायची असते. माझ्या मावशीच्या बरगडीखाली नागिणीनंतर पदराचा स्पर्शही सोसवत नसे. डॉक्टरांनी मलम लिहून दिले, तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘‘अरे, ही तर आगीवर आग आहे,’’ आणि तिने ते बंद केले. पुन्हा समजावून, हातमोजा घालून, वाटाण्याएवढे मलम दिवसातून चार वेळा लावण्याचा तक्ता भिंतीवर चिकटवला; अठराव्या की एकोणिसाव्या दिवशी तिने पहिल्यांदा त्या कुशीवर झोप घेतली. नागिणीचे पुरळ ताजे असताना, खपल्या पडेपर्यंत, हे मलम लावायचे नसते. बोटांच्या सांध्यांसाठी लावले असेल तर अर्धा तास थांबून मगच हात धुवावेत आणि तोवर डोळ्यांना हात लावू नये.

घरगुती लेपांविषयी

कापराचे तेल घरी करणाऱ्यांनी १०० मिलिलिटर खोबरेल तेलाला ५ ग्रॅमपेक्षा अधिक कापूर घेऊ नये. काष्ठौषधीच्या दुकानातून औषधी कापूर आणावा, पूजेच्या वड्या त्वचेसाठी केलेल्या नसतात. तेलाचे भांडे गरम पाण्यात ठेवून तेल कोमट करावे, गॅस बंद करावा आणि मगच कापराची पूड घालावी, कारण कापूर सहज पेट घेतो.

मोहरीचा लेप जुना आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना जो झणका नाकात जातो, तोच त्वचेला लाल करतो. बियांतील द्रव्य आणि पाणी एकत्र आल्यावर तो तयार होतो. हा झणका किती तीव्र निघेल याचा अंदाज घरी लागत नाही आणि पंधरा मिनिटांपुढे लेप राहिला तर फोड येतात, म्हणून मी तो सुचवत नाही. ठेचलेला कच्चा लसूण बांधून ठेवल्यानेही त्वचा भाजते. सुंठ उगाळून कपाळावर पातळ लेप देणे त्या मानाने सौम्य आहे.

बिब्ब्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. टाच दुखते म्हणून तापवलेल्या बिब्ब्याचे तेल टाचेला लावण्याची रीत गावोगाव आहे आणि ‘बिब्बा उतला’ हे वाक्यही तितकेच परिचित आहे. बिब्ब्यातील द्रव्ये काजूच्या टरफलातील तेलाच्या जातीची आहेत. कोकणात आणि गोव्यात काजू सोलणाऱ्यांच्या बोटांची सालपटे ज्यामुळे निघतात, तोच हा प्रकार. ही ॲलर्जी एक-दोन दिवसांनी उसळते, लावलेल्या जागेपुरती राहत नाही, चेहरा आणि पापण्याही सुजू शकतात.

आग आवरेनाशी झाली तर

लगेच पाणी ओतू नये. हे पदार्थ पाण्यात विरघळत नाहीत, उलट पसरतात. आधी कोरड्या कापडाने औषध टिपून घ्यावे, मग खोबरेल किंवा गोडेतेलात भिजवलेल्या कापसाने पुसावे, नंतर साबण आणि गार पाण्याने धुवावे. बर्फ थेट चोळू नये. फोड आले असतील तर ते फोडू नयेत, टूथपेस्ट किंवा हळद लावू नये, स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे जावे. डोळ्यात गेले तर तेल न वापरता वाहत्या साध्या पाण्याने निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा.

मुलाने बाम, गंधपुरा, निलगिरी किंवा कापराचे तेल गिळले असेल तर उलटी करवू नये, कारण पोटातून वर येताना तेल फुप्फुसात जाऊ शकते आणि कापराने कधीही झटका येऊ शकतो. मूल ठीक दिसत असले तरी १०८ वर फोन करावा किंवा बाटली सोबत घेऊन तडक रुग्णालयात जावे. किती टक्क्यांचे तेल होते आणि साधारण किती घोट गेले, हे डॉक्टरांना बाटलीवरूनच कळते. अमेरिकेत २० टक्के कापराचे तेल एरंडेल समजून पाजल्याच्या घटनांमुळे १९८२ साली त्यावर बंदी आली होती. आपल्या घरातही एरंडेल, खोकल्याचे औषध आणि मालिशचे तेल एकाच फळीवर शेजारी शेजारी उभे असतात. मालिशचे तेल मूळ बाटलीतच, लेबलसकट, कुलूप लागणाऱ्या वेगळ्या कपाटात ठेवावे.